एकाच घरात दोन गट नंबर : गावभागातल्या एका प्रिंटरचं प्रकरण

दिवाळी संपून आठवडा झाला होता. सांगलीच्या गावभागातून फोन आला. "ताई, नवीन लॅपटॉपवरून प्रिंट निघत नाही. दोघं जण येऊन बघून गेले. विंडोज अकराचं आणि जुन्या प्रिंटरचं जमत नाही म्हणाले. खरं काय ते एकदा बघा की." बोलत होती त्या घरातली सून, मी तिला वहिनी म्हणते. ती घरीच सातवी ते दहावीच्या शिकवण्या घेते. चाचणीचे पेपर तोंडावर आले होते आणि प्रत्येक पेपरासाठी तिला हरभट रोडवरच्या झेरॉक्सवाल्याकडे जावं लागत होतं.

घर कसं आहे ते आधी सांगते, कारण बिघाडाचं मूळ घराच्या रचनेतच होतं. तळमजल्यावर पुढच्या खोलीत तिच्या सासऱ्यांचं ऑफिस. काका दस्तलेखक. खरेदीखतं, बक्षीसपत्रं, हक्कसोडपत्रं, भाडेकरार हे त्यांचं रोजचं काम. टेबलावर विंडोज ७ चा ३२ बिटचा डेस्कटॉप, त्यावर मराठी टायपिंगसाठी श्रीलिपी आणि वर्ड २०१०, शेजारी यूएसबी वायरने जोडलेला लेझर प्रिंटर. वरच्या मजल्यावर काकांच्या मुलाचा विंडोज १० चा डेस्कटॉप. आणि पाडव्याला घेतलेला सुनेचा लॅपटॉप, विंडोज ११ प्रो, २४एच२ आवृत्तीचा.

इंटरनेटचा फायबर मॉडेम वरच्या मजल्यावर भिंतीला टांगलेला. गावभागातल्या पुष्कळ घरांत हे असंच दिसतं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलं. धोक्याची पातळी आहे ४५ फूट. या घराच्या तळमजल्यात पाणी शिरलं तेव्हा जुना मॉडेम, एक यूपीएस आणि दस्तांच्या दोन पेट्या गेल्या. पुढे घर आवरताना मीटरचा बोर्ड वर सरकला, मॉडेमही वर गेला. खाली काकांकडे पक्षकार येतात म्हणून ऑफिस मात्र खालीच राहिलं. मग वरच्या मॉडेमपासून एक लांब वायर जिन्यातून खाली सोडली आणि काकांच्या टेबलाखाली दुसरा राउटर बसवला. तो पाचेक वर्षं बिनतक्रार चालला.

मी गेले तेव्हा लॅपटॉप खालीच आणून ठेवला होता. आधीच्या दोघांनी काय काय केलं ते मी पहिल्यांदा विचारून घेतलं. कुठल्याही मशीनला हात लावण्याआधी मी हे विचारतेच, कारण दुरुस्तीच्या नावाखाली बदललेल्या गोष्टी मूळ बिघाडापेक्षा जास्त त्रास देतात. यादी अशी निघाली: तिन्ही मशीनचे फायरवॉल, म्हणजे नेटवर्कवरून येणाऱ्यांना अडवणारे पहारेकरी, बंद. काकांच्या मशीनवर शेअरिंगचा पासवर्ड बंद. त्यांचा सगळा डी ड्राइव्ह 'एव्हरीवन'ला 'फुल कंट्रोल', म्हणजे कुणालाही सगळे हक्क, देऊन शेअर. लॅपटॉपवर एसएमबी १, म्हणजे मशीनमशीनमधल्या फाईल-शेअरिंगची जुनी भाषा, चालू. एवढं सगळं उघडं टाकूनही प्रिंट निघत नव्हती.

मी विचारलं, "वरच्या डेस्कटॉपवरून प्रिंट निघते का?"

वहिनी काकांकडे बघायला लागल्या. मुलगा जिन्यातूनच म्हणाला, "मी हल्ली पेन ड्राइव्हवर फाईल घेऊन खाली येतो आणि बाबांच्या मशीनवरून काढतो."

"हल्ली म्हणजे कधीपासून?"

त्याने आठवून सांगितलं, दसऱ्यानंतर. परतीच्या पावसात वीज कडाडली त्या रात्री टेबलाखालचा राउटर गेला. दुसऱ्या दिवशी त्याने नवा आणला आणि स्वतःच जोडला. इंटरनेट लागलीच सुरू झालं, म्हणून त्या गोष्टीकडे परत कुणी बघितलं नाही. लॅपटॉप आला त्यानंतर दोन-तीन आठवड्यांनी.

म्हणजे लॅपटॉप घरात यायच्या आधीच प्रिंट बंद पडली होती. नवीन वस्तू समोर असते, तिच्यावर संशय जातो. तो राउटर टेबलाखाली, पायाशी, दिवा लुकलुकत बसलेला.

मग काकांनी एक गोष्ट दाखवली. तिच्यामुळेच आधीचे दोघं चकले असावेत. ते म्हणाले, "माझं तर सगळं व्यवस्थित चालतंय बघा." त्यांच्या डेस्कटॉपवर 'वरचा' नावाचा शॉर्टकट होता. त्यावर दोनदा क्लिक केलं की मुलाच्या मशीनमधलं फोल्डर उघडायचं, कारण शॉर्टकटमध्ये त्या मशीनचा नंबरच घातलेला होता. फाईल उघडली, जतनही झाली. खालून वर रस्ता चालू होता. वरून खाली मात्र कुणालाच येता येत नव्हतं. एका बाजूने चालणारं नेटवर्क बघून माणूस म्हणतो, वायर ठीक आहे, नेटवर्क ठीक आहे, दोष विंडोजचा असणार. मला मात्र हा एकतर्फीपणा फार बोलका वाटला.

काकांच्या मशीनवर काळी खिडकी उघडून आयपीकॉन्फिग ही नेटवर्कमधला पत्ता दाखवणारी आज्ञा दिली. मशीनचा पत्ता १९२.१६८.०.१००, गेटवे (नेटवर्कबाहेर जायचं दार) १९२.१६८.०.१. वर जाऊन मुलाच्या मशीनवर तेच केलं. पत्ता १९२.१६८.१.३४, गेटवे १९२.१६८.१.१. काका आपल्या वहीत दोन्ही आकडे एकाखाली एक लिहून घेत होते. तिसरा आकडा वेगळा आहे हे त्यांनी माझ्या आधी बोट ठेवून दाखवलं. "हे इथं शून्य आहे आणि तिथं एक."

मास्क दोन्हीकडे २५५.२५५.२५५.०. याचा अर्थ, पहिले तीन आकडे सारखे असतील तरच ती मशीन एकमेकांना शेजारी मानतात. आकडे वेगळे पडले की निरोप थेट न जाता गेटवेकडे जातो. मी हे समजावत होते तेवढ्यात काका म्हणाले, "म्हणजे मिळकत एकच, पण गट नंबर दोन पडलेत." यापेक्षा सोपं मला सांगता आलं नसतं, म्हणून पुढे दिवसभर मी त्यांचेच शब्द वापरले.

नव्या राउटरला मागे पाच पोर्ट होते. चार एका रंगाचे, ते लॅनचे, म्हणजे घरातल्या मशीनसाठीचे. पाचवा वेगळ्या रंगाचा, तो वॅनचा, म्हणजे बाहेरून इंटरनेट आत घ्यायचा. वरून आलेली वायर मुलाने त्या पाचव्यात खोचली होती. डब्यावरच्या चित्रात तसंच दाखवतात आणि घरात राउटर एकच असेल तर ते बरोबरही आहे. जुन्या राउटरला ती वायर लॅनच्या पोर्टात होती, म्हणून तो नुसता वायरींचा वाटाडा म्हणून काम करायचा आणि सगळं घर एकाच गटात राहायचं. वॅनमध्ये वायर गेली की राउटर आपल्यामागे स्वतःचं वेगळं नेटवर्क उभं करतो, त्याला स्वतः पत्ते वाटतो आणि बाहेर जाणाऱ्या प्रत्येक निरोपावर आपला शिक्का मारतो. या शिक्का मारण्याला नॅट म्हणतात. आतून बाहेर गेलेल्या निरोपाचं उत्तर कुणाला द्यायचं हे राउटरच्या लक्षात असतं. बाहेरून आपणहून कुणी आलं तर ते कुणाकडे आलंय हे त्याला ठाऊक नसतं, म्हणून तो दारातूनच परत पाठवतो.

काकांचं मशीन त्या दाराच्या आत, बाकी सगळं घर बाहेर. काकांनी 'वरचा' उघडला की निरोप राउटरच्या वरच्या बाजूच्या पत्त्याने, १९२.१६८.१.५० या नावाने, बाहेर पडायचा. मुलाच्या मशीनला वाटायचं शेजाऱ्यानेच हाक मारली, म्हणून ते दार उघडायचं. उलट बाजूने लॅपटॉप १९२.१६८.०.१०० ला हाक मारायचा तेव्हा वरचा मॉडेम ती हाक इंटरनेटकडे ढकलून मोकळा व्हायचा, कारण शून्याचा गट आपल्याच घरात आहे हे त्याला कुणी सांगितलेलं नव्हतं. 'नेटवर्क'च्या खिडकीत काकांचं मशीन दिसत नव्हतं त्याचं कारणही हेच. त्या खिडकीतली नावं एकमेकांना जाहीर हाका मारून गोळा केलेली असतात आणि अशा हाका राउटर ओलांडत नाहीत.

काका म्हणाले, "खालून वर जायची वहिवाट आहे, वरून खाली यायची नाही."

खात्रीसाठी काकांच्या मशीनवरून ट्रेसआरटी करून बघितलं, निरोप कुठल्या टप्प्यांनी जातो ते त्यात दिसतं. बाहेरच्या जगाकडे जाताना पहिला टप्पा १९२.१६८.०.१, दुसरा १९२.१६८.१.१. घरातले खासगी पत्ते एकामागे एक दोनदा आले की घरात दोन राउटर एकाआड एक बसलेत, हे पक्कं.

दुरुस्तीत क्रम महत्त्वाचा. आधी वायर हलवून मग सेटिंग बदलायला गेलं तर मधल्या वेळात एकाच नेटवर्कवर पत्ते वाटणारे दोघं होतात. कुठलं मशीन कुणाकडून पत्ता घेईल ते सांगता येत नाही. आज चालतं, उद्या नाही, अशी तक्रार सुरू होते आणि ती शोधणं जिवावर येतं. म्हणून आधी टेबलाखालच्या राउटरच्या सेटिंगच्या पानावर जाऊन त्याला ॲक्सेस पॉइंट मोडमध्ये टाकलं, म्हणजे स्वतःचा गट न काढता तो नुसता वाटाडा राहतो. ज्या राउटरला हा मोड नसतो त्याचं डीएचसीपी, म्हणजे पत्ते वाटायचं काम, हाताने बंद करायचं, त्याला वरच्या गटातला एक मोकळा पत्ता द्यायचा आणि मग वायर वॅनमधून काढून लॅनमध्ये लावायची. या राउटरला मोड होता, तो स्वतः पुन्हा सुरू झाला. काकांचं मशीन वायर काढून परत लावली तसं १९२.१६८.१.३६ वर आलं. आकडा बघून त्यांनी वहीत पहिली ओळ खोडली.

लॅपटॉप वर नेऊन त्याच्या पॉवरशेलमध्ये टेस्ट-नेटकनेक्शन ही जोडणी तपासणारी आज्ञा लावली, पोर्ट ४४५. हा पोर्ट वायर खोचायचा नव्हे, मशीनच्या आतल्या एका दाराचा नंबर. फाईल आणि प्रिंटर दोन्हीची वाटणी विंडोजमध्ये याच पोर्टातून जाते. उत्तर 'ट्रू' आलं. नुसत्या पिंगवर, म्हणजे 'आहेस का' एवढ्या हाकेवर, मी विसंबत नाही. फायरवॉल पिंगला गप्प ठेवतो आणि मशीन मेलंय असं वाटतं, किंवा पिंगला उत्तर येतं आणि ४४५ बंद असतो.

आता आधीच्यांनी उघडी टाकलेली दारं बंद करायची वेळ होती. गट नंबरचा घोळ सुटला तरी मी तेवढ्यावर तिथून उठू शकत नव्हते. काकांच्या डी ड्राइव्हमध्ये पक्षकारांचे दस्त होते, आधार कार्डांच्या आणि पॅन कार्डांच्या प्रती होत्या, सातबारे होते, मयतांच्या वारसांचे दाखले होते. ते सगळं 'एव्हरीवन'ला, बिनपासवर्ड. शिकवणीला येणाऱ्या मुलांना घरचा वायफाय पासवर्ड माहीत होता. दोन गट नंबर होते तोवर त्या चुकीच्या राउटरनेच या कागदांना आडोसा दिला होता. मी गट एक केला त्या क्षणी दहावीतल्या कुठल्याही मुलाच्या हातातल्या फोनवरून ते सगळं दिसलं असतं. हे लक्षात आल्यावर मी आधी शेअर बंद केलं, मग पुढच्या कामाला लागले.

तिन्ही फायरवॉल चालू केले. नेटवर्क बदललं की विंडोज त्याला अनोळखी समजतं. काकांच्या मशीनने तसं विचारलंच, घर, काम की सार्वजनिक. मागच्या वेळी हीच खिडकी आली तेव्हा काकांनी 'सार्वजनिक' दाबलं होतं, कारण दस्ताच्या भाषेत त्यांना ते सुरक्षित वाटलं. सार्वजनिक म्हटलं की शेअरिंगचं दार बंद होतं. आता 'काम' निवडलं. लॅपटॉपवर आणि मुलाच्या मशीनवर 'प्रायव्हेट' आहे का ते बघितलं. लॅपटॉप 'पब्लिक'वर होता, तो बदलला. फायरवॉल बंद करायची गरज मुळात कधी नसतेच, फाईल आणि प्रिंटर शेअरिंगची परवानगी त्यात आधीपासून लिहिलेली असते, फक्त ती खासगी नेटवर्कला लागू होते.

एसएमबी १ लॅपटॉपवरून काढून टाकलं. ते चालू करण्यामागचा समज असा की जुन्या मशीनशी बोलायला जुनी भाषा लागते. पण एसएमबी १ लागतं ते एक्सपीच्या काळातल्या मशीनना. व्हिस्टापासून एसएमबी २ आलं आणि विंडोज ७ २.१ बोलतं. काकांचं मशीन जुनं असलं तरी एवढं जुनं नाही. आणि २०१७ च्या मे महिन्यात वॉनाक्राय या खंडणीखोर व्हायरसने जगभरातली मशीन कुलूपबंद केली ती एसएमबी १ मधल्याच भोकातून. ते बुजवणारा अपडेट त्याच वर्षी मार्चमध्ये येऊन गेला होता. काकांच्या मशीनवर तो अपडेट होता. तरी त्यांच्याकडचंही एसएमबी १ बंद केलं.

मग लॅपटॉपवरून काकांचं मशीन उघडायला गेले, तर एक लांबलचक इंग्रजी निरोप आला. त्याचा मतलब: तुमच्या संस्थेच्या सुरक्षा धोरणामुळे अनोळखी पाहुण्याला प्रवेश नाही.

वहिनींनी विचारलं, "कुठली संस्था? माझी जुनी शाळा का?" त्या आधी एका शाळेत होत्या आणि तिथल्या ईमेलचा काही संबंध असेल असं त्यांना इतके दिवस वाटत होतं.

संस्था कुठलीच नसते. काकांच्या मशीनवर पासवर्ड बंद केल्यामुळे येणारा प्रत्येक जण 'गेस्ट' म्हणून आत घेतला जात होता. विंडोज ११ प्रोची २४एच२ आवृत्ती असा गेस्ट म्हणून मिळणारा प्रवेश नाकारते आणि प्रत्येक देवाणघेवाणीवर सही मागते. गेस्टला सही करता येत नाही. लॅपटॉपची ही अट ढिली करायच्या युक्त्या आहेत; मला त्या पटत नाहीत. नव्या मशीनला जुन्याच्या पातळीवर उतरवण्यापेक्षा जुन्याला एक खरं नाव आणि खरा पासवर्ड देणं पाच मिनिटांचं काम आहे.

काकांच्या खात्याला पासवर्ड नव्हता आणि पासवर्ड नसलेल्या खात्याला विंडोज नेटवर्कवरून येऊच देत नाही. त्यांच्या खात्याला मी हात लावला नाही. रोज सकाळी मशीन उघडताना त्यांना अडथळा नको होता. त्याऐवजी एक साधं, अधिकार नसलेलं वेगळं खातं काढलं, त्याला पासवर्ड दिला आणि पासवर्डसह शेअरिंग चालू केलं. लॅपटॉपवर क्रेडेन्शियल मॅनेजरमध्ये, म्हणजे नावं-पासवर्ड साठवायच्या जागी, मागच्या प्रयत्नांत साठलेली तीन चुकीची नावं होती, ती पुसली आणि हे नाव घातलं. वहिनी आधी स्वतःचा चार आकडी पिन टाकत होत्या. पिन त्या एका लॅपटॉपपुरता असतो, दुसऱ्या मशीनला तो कळत नाही.

डी ड्राइव्हऐवजी एकच फोल्डर शेअर केलं, 'देवाणघेवाण'. फाईल उघडत होती पण जतन होत नव्हती. शेअरच्या यादीत बदल करायचा हक्क दिला होता, फोल्डरच्या सुरक्षा यादीत मात्र फक्त वाचायचा होता. दोन्ही याद्यांपैकी कडक असेल तीच चालते. काकांना हे सांगावंच लागलं नाही, ते म्हणाले दोन दस्तांत फरक असला की आम्ही पण तसंच धरतो. शिकवणीच्या मुलांसाठी वरच्या मॉडेमवर वेगळं गेस्ट वायफाय काढून दिलं आणि घरच्या वायफायचा पासवर्ड बदलला.

प्रिंटरला सगळ्यात जास्त वेळ गेला. लॅपटॉपला तो आता दिसत होता, जोडायला गेलं की एरर. मुलाने त्या एररचा आकडा मोबाईलवर शोधून एक व्हिडिओ दाखवला: रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या आतल्या सेटिंगच्या वहीत, एक नोंद शून्य करा, झालं. ती नोंद काय करते ते मला माहीत होतं. प्रिंटरशी होणाऱ्या बोलण्यावरचं सुरक्षेचं आवरण ती काढून टाकते. हे आवरण विनाकारण आलेलं नाही, छपाईच्या यंत्रणेतल्या एका त्रुटीवरचा उपाय म्हणून ते आलं. त्याच यंत्रणेत २०२१ च्या जुलैमध्ये प्रिंटनाइटमेअर नावाची आणखी मोठी त्रुटी उघड झाली. छपाईची रांग सांभाळणाऱ्या स्पूलरमधून बाहेरचा माणूस पूर्ण मशीन ताब्यात घेऊ शकत होता. त्यानंतर विंडोजने दुसऱ्या मशीनवरून ड्रायव्हर, म्हणजे प्रिंटर चालवणारं सॉफ्टवेअर, ओढून घेण्यावर निर्बंध घातले. शिवाय इथे दुसरी अडचण होतीच: काकांचं मशीन ३२ बिटचं, त्याच्याकडचा ड्रायव्हर ३२ बिटचा आणि विंडोज ११ फक्त ६४ बिटचं. ती नोंद शून्य करूनही हा ड्रायव्हर लॅपटॉपला चालला नसता.

त्यामुळे काकांच्या मशीनकडे ड्रायव्हर मागायचाच नाही असं ठरवलं. प्रिंटरच्या कंपनीच्या साइटवरून ६४ बिटचा ड्रायव्हर लॅपटॉपवर उतरवला. प्रिंटर जोडताना 'हवा तो यादीत नाही' म्हटलं, मॅन्युअल पर्याय घेतला, नवा 'लोकल पोर्ट' तयार केला आणि पोर्टाच्या नावाच्या जागी काकांच्या मशीनचा पत्ता आणि प्रिंटरचं शेअरनाव, दोन उलट्या तिरप्या रेघांनी सुरू होणारं, लिहिलं. लॅपटॉपच्या दृष्टीने प्रिंटर आता त्याचा स्वतःचा. तो आपल्या ड्रायव्हरने पान तयार करतो आणि तयार पान पोर्ट ४४५ वरून खाली सोडतो. काकांच्या मशीनने ते पुढे यूएसबीवर ढकलायचं, बाकी काही नाही.

पत्ता पोर्टात लिहिला म्हणजे तो बदलता कामा नये. वरच्या मॉडेमवर काकांच्या मशीनसाठी १९२.१६८.१.२० राखून ठेवला आणि पोर्टातही तोच घातला.

इथे एक गोष्ट माझ्या हातून चुकली, ती मुद्दाम लिहिते. विंडोज ७ ला १४ जानेवारी २०२० पासून सुरक्षा अपडेट मिळत नाहीत. श्रीलिपीची जुनी प्रत आणि तिचं कुलूप यामुळे काकांना ते मशीन सोडता येत नाही. तेव्हा त्याला घरातलं नेटवर्क द्यावं, इंटरनेट देऊ नये, असं माझं मत पडलं आणि काकांनाही ते पटलं. नोंदणीचं ऑनलाइन काम ते मुलाच्या मशीनवर करतात. सोपा मार्ग म्हणून मी पत्ता हाताने भरला आणि गेटवेची जागा रिकामी ठेवली. गेटवे नाही म्हणजे बाहेर जायचा रस्ता नाही. पण गेटवे नसलेल्या नेटवर्कला विंडोज ७ 'अनोळखी' ठरवतं आणि अनोळखी म्हणजे सार्वजनिक. दोन मिनिटांपूर्वी चालणारी प्रिंट पुन्हा बंद. मी पत्ता परत आपोआप घेण्यावर टाकला, राखीव २० नंबर मिळाला, गेटवे आला आणि इंटरनेट बंद करायचं काम मॉडेमच्या ॲक्सेस कंट्रोलमधून, मशीनचा मॅक पत्ता, म्हणजे त्याच्या नेटवर्क कार्डाचा कायमचा नंबर, देऊन केलं. तिथेच ते करायला हवं होतं.

संध्याकाळचे साडेसहा झाले होते. वहिनी वर गेल्या आणि त्यांनी इयत्ता सातवीच्या गणिताच्या चाचणीचा कागद सोडला. खाली आम्ही तिघं प्रिंटरकडे बघत उभे. आधी आतला रोलर फिरल्याचा आवाज, मग पाचेक सेकंद काहीच नाही, मग कागद ओढल्याचा खर्र आवाज आला आणि 'अपूर्णांकांची बेरीज करा' हे पान गरमागरम बाहेर आलं. काकांनी ते उचलून दिव्याखाली धरलं आणि जिन्यात जाऊन हाक मारली, "आलं गं!"

मुलाच्या मशीनवरही तसाच लोकल पोर्ट केला. त्याला फार वेळ लागला नाही. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, तेव्हा त्या मशीनचंही पुढे काय करायचं ते ठरवावं लागेल, हे त्याला सांगून ठेवलं. पुढचा प्रिंटर घ्याल तेव्हा लॅनचा पोर्ट असलेला घ्या, असंही सांगितलं. तो थेट राउटरला लागतो. आत्ताच्या व्यवस्थेत काकांचं मशीन बंद असेल तर वरच्यांचं पान रांगेतच थांबून राहणार. तोवर मशीन दिवसा झोपणार नाही असं सेटिंग केलं. काका रात्री नऊला बंद करतात तेव्हा वर हाक मारून विचारतात.

आठ दिवसांनी वहिनींचा पुन्हा फोन. प्रिंट व्यवस्थित निघत होत्या. पण 'देवाणघेवाण'मधला सासऱ्यांचा एक मसुदा लॅपटॉपवर उघडला तर सगळी अक्षरं फुटलेली, इंग्रजी चिन्हांचा कचरा. नेटवर्कवरून येताना फाईल खराब होते का, असा त्यांचा प्रश्न होता. नाही होत. श्रीलिपीच्या जुन्या फॉन्टमध्ये मराठी अक्षर हे इंग्रजी चिन्हाच्या जागी बसवलेलं असतं. तो फॉन्ट ज्या मशीनवर नाही तिथे खालचं मूळ चिन्ह उघडं पडतं. फाईल जशीच्या तशी असते. काकांना फोनवरच सांगितलं, वर द्यायची प्रत वर्डमधून पीडीएफ करून ठेवा, त्यात फॉन्ट सोबत जातो. त्यांनी करून बघितली, वहिनींनी वर उघडली. ओळ न ओळ वाचता येत होती.

फोन ठेवण्याआधी काका म्हणाले, टेबलाच्या काचेखाली एक कागद सरकवलाय. त्यात दस्तात चतुःसीमा लिहितात तसं लिहिलंय: वरचा मॉडेम १९२.१६८.१.१, माझं मशीन २०, टेबलाखालचा राउटर ॲक्सेस पॉइंट मोडवर, वायर काढू नये. खाली तारीख आणि सही.